झाडूची पाळी कोणाची?

आपल्या मुलाने शाळेत झाडू हातात घ्यावा की घेऊ नये? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्या घरांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्या घरांत तो लहान नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर दुसऱ्यांची घाण काढण्याचे काम लादले गेले, त्यांना झाडू ही नुसती वस्तू वाटत नाही, ती जातीची खूण वाटते. या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या गावी मिळाले नव्हते. ते मला जपानमधील एका प्राथमिक शाळेत मिळाले, आणि तेही अर्धेच. उरलेल्या अर्ध्याने मला अस्वस्थ केले. दोन्ही अर्धे वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

माझी आई नगरपालिकेत सफाई कामगार. २००६ साली, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला. परंतु आईचा धम्म त्याच्या आधीच सुरू झाला होता असे मला आता वाटते. मी चौथीत असताना दर शनिवारी गुरुजी हजेरीपट उघडून आडनावे पाहत व आम्हा तिघांना उठवीत. आम्ही वर्ग झाडायचा, बाकीच्यांनी मैदानावर जायचे. एके शनिवारी आई कामावरून परतताना शाळेवरून गेली आणि तिने मला पाहिले. ती सरळ आत आली, माझ्या हातातला झाडू काढून तिने गुरुजींच्या टेबलाला टेकवून ठेवला आणि विचारले, "गुरुजी, बाकीच्या पोरांचे हात दुखतात का?" वाटेत ती मला एवढेच म्हणाली, "हातात खडू धर. झाडू धरू नकोस."

मी खडू धरला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, बी.एड. केले, शिक्षक झालो. आणि आईचा शब्द पाळून पुढे कधीही झाडूला हात लावला नाही. याचा मला अभिमान होता.

जपान सरकार १९८० पासून परदेशांतील नोकरीत असलेल्या शिक्षकांना सुमारे दीड वर्षाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. वय पस्तिशीच्या आत व शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असावा लागतो. मी अर्ज केला आणि निवडला गेलो. ऑक्टोबरात तेथे पोहोचलो. पहिले सहा महिने भाषा शिकण्यात गेले. एप्रिलात तेथील शाळांचे वर्ष सुरू होते, तेव्हा विद्यापीठाने मला जवळच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला जोडून दिले. वर्गात ३२ मुले होती आणि एक बाई. जपानी माणसे शिक्षकाला 'सेन्से' म्हणतात. मीही तेथे सेन्से होतो, पण विद्यार्थी-शिक्षक. पाठ कमी घ्यायचे व पाहायचे जास्त, असे माझे काम.

दारातच शिकवण सुरू होई. बाहेरचे जोडे लाकडी कप्प्यात ठेवायचे व आतले हलके बूट घालायचे. हे बूट मुख्याध्यापकांनाही होते आणि मलाही. दररोज दोन मुलांकडे वर्गाचा कारभार असे. 'उठा, नमस्कार, बसा' हे तीच म्हणत, फळा तीच पुसत. दुसऱ्या दिवशी पुढची दोन मुले. हुशार, श्रीमंत, दांडगा असा काही विचार नाही, यादीत नाव येईल तसे. शिक्षकांची खोली एकच. तीत सर्वांची मेजे जोडून मांडलेली. माझे मेज बाईंच्या शेजारी होते. संध्याकाळी सातनंतरही त्या खोलीत दिवे जळत. जपानमधील कनिष्ठ माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतो, असे २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसून आले. पाहणीतल्या सर्व देशांत हाच आकडा सर्वांत मोठा होता. तेव्हा तिकडे सारे सुखच आहे, असा कोणी समज करून घेऊ नये.

दुपारी जेवण वर्गातच होई. चार-पाच मुले पांढरे डगले, पांढऱ्या टोप्या व तोंडाला फडके बांधून स्वयंपाकघरातून भांडी आणीत व सर्वांना वाढीत. सर्वांची ताटे भरेपर्यंत कोणी घास उचलत नसे. बाई व मी तेच अन्न, तेवढ्याच वेळात, मुलांच्यात बसून खात होतो. या जेवणाचा इतिहास मला तेथे कळला. १८८९ साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका गावी एका बौद्ध मंदिरात भिक्षूंनी गरीब मुलांसाठी शाळा चालविली होती. डबा आणू न शकणाऱ्या मुलांना त्यांनी भाताचे गोळे, खारवलेला मासा व लोणचे द्यायला सुरुवात केली. जपानमधील शालेय भोजनाची सुरुवात तीच मानतात. त्याचा कायदा पुढे १९५४ साली झाला. भिक्षूच्या कटोऱ्यातून मुलांचे ताट निघाले, हे ऐकून मला भरून आले.

जेवणानंतर सफाईची घंटा. तेथे तिला 'सोजी' म्हणतात. साधारण १५ ते २० मिनिटे सारी शाळा झाडू, बादल्या आणि फडकी घेऊन कामाला लागे. फडके प्रत्येक मूल घरून आणते, आणि ते मेजाच्या कडेला वाळत घातलेले असते. सगळी मेजे वर्गाच्या एका बाजूला सरकवायची, अर्धी जमीन पुसायची, मग मेजे परत दुसऱ्या बाजूला. वऱ्हांडा, जिना, हात धुण्याच्या जागा, संडास, सारे यात आले. दुरुस्तीला आणि बागेला शाळेत एक सेवक असतो, परंतु रोजची झाडलोट मुलांची व शिक्षकांची.

कोणी काय करायचे हे भिंतीवरच्या एका पुठ्ठ्याच्या चाकावर लिहिलेले असे. बाहेरच्या वर्तुळावर कामे, आतल्या वर्तुळावर मुलांचे गट. सोमवारी आतले वर्तुळ एक घर पुढे फिरवायचे. या आठवड्यात ज्यांना वऱ्हांडा, त्यांना पुढच्या आठवड्यात संडास. पाळीला ते 'तोबान' म्हणतात.

पहिल्या दिवशी घंटा झाली आणि मी थिजलो. तीन दिवस मी वही घेऊन भिंतीशी उभा राहिलो व टिपणे घेत आहे असे दाखविले. खरे म्हणजे वहीत काहीच लिहीत नव्हतो. आईने टेबलाला टेकवलेला झाडू मला दिसत होता. मनात एकच विचार होता, याचसाठी का मी समुद्रापार आलो?

चौथ्या दिवशी एका मुलीने माझ्या हातात ओले फडके दिले. ती म्हणाली, "सेन्से, आज पाळी तुमची." मी चाकाकडे पाहिले. मुलांनी तिसऱ्या गटाखाली माझे नाव लिहिले होते. मी गुडघे टेकले. माझ्यापुढे वऱ्हांड्यात मुख्याध्यापकही गुडघ्यांवर होते व खिडकीखालची फरशी पुसत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांना त्यात पाहण्यासारखे काही वाटले नाही.

त्या रात्री मी विचार केला. फडके तेच, धूळ तीच, गुडघेही माझेच. मग चौथीतल्या शनिवारी अपमान झाला आणि येथे का नाही झाला? फरक कामात नव्हता. तेथे गुरुजींनी हजेरीपटातली आडनावे पाहिली होती, येथे चाक फिरले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या लिखित भाषणात म्हटले की, जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. त्याचा अर्थ मला गुडघ्यांवर बसून कळला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्या देशात सफाईचे काम पवित्र आहे, ती थोर सेवा आहे, असे सांगणारे पुष्कळ झाले. बाबासाहेबांनी या गोडव्याचा कडक शब्दांत निषेध केला होता. सफाई करणाऱ्याला 'तुझे काम पवित्र' म्हणायचे आणि ते त्याच्याच वंशाला चिकटवून ठेवायचे, ही त्याची थट्टा आहे. जपानी शाळेत झाडू पवित्र आहे असे मुलांना कोणी सांगताना मी ऐकले नाही. मुले कुरकुरत, संडासाची पाळी आली की नाक मुरडत. बाई एवढेच म्हणत, "सोमवारी चाक फिरेल." कामाला पावित्र्य चिकटवायची गरज कोणाला लागते? ज्याला स्वतःची पाळी येऊ द्यायची नाही त्याला.

आपल्या शास्त्याचे उदाहरण विनयपिटकात आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता व स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याजवळ कोणी जात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भगवंतांनी भिक्खूंना गोळा करून विचारले, तुम्ही एकमेकांची काळजी घेणार नाही तर कोण घेईल? शेजारी घाण असता ज्याला ती आपली वाटत नाही, त्याला त्यांनी जबाबदार धरले. घाण कोणाच्या जातीची हे विचारले नाही.

येथवर अर्धे उत्तर झाले. आता उरलेले अर्धे.

जून महिन्यात एके दिवशी सफाईच्या वेळी सगळी मेजे मागे गेली आणि एक मेज वर्गाच्या मधोमध तसेच राहिले. मुले त्याच्या दोन्ही बाजूंनी पुसत गेली. ते एका मुलाचे मेज होते. मुलगा भिंतीशी उभा होता. नंतर मला कळले की काही मुलांनी त्याला 'जंतू' म्हणायला सुरुवात केली होती. त्याच्या वस्तूला हात लागला तर मुले तो हात दुसऱ्याला पुसत आणि पळत. वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. जपानी भाषा मला अजून पुरती येत नव्हती, पण तो खेळ मला फार जुन्या ओळखीचा होता.

चाक भिंतीवर होते. पाळ्या ठरल्या होत्या. सर्वांच्या हातांत फडकी होती. तरीही एक मेज मधोमध उरले.

बाईंनी मेज हलवले नाही. पुढचा तास नीतिशिक्षणाचा होता. त्यांनी सर्वांना जमिनीवर मेजाभोवती बसविले आणि विचारले, "हे येथे का राहिले?" कोणी बोलेना. पाच मिनिटे गेली असतील. मग जो मुलगा सर्वांत जास्त हसत होता, तोच रडू लागला. प्रश्न एका तासात मिटला नाही. पुढचे कित्येक दिवस ते मेज उचलले जाई, पण सर्वांत शेवटी. छळ रोखण्यासाठी जपानने २०१३ साली कायदा केला आहे. परंतु मेज उचलायला कायदा वर्गात येत नाही. ते कोणाच्या तरी हातांनीच उचलावे लागते.

विद्यापीठातल्या प्राध्यापकांना मी हे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला त्यांच्या देशाची ती गोष्ट सांगितली, जी पाहुण्यांना सहसा सांगितली जात नाही. जपानमध्येही एक समाज शतकानुशतके अस्पृश्य मानला गेला. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, गुन्हेगारांना फाशी देणे ही कामे त्याच्याकडे वंशपरंपरेने होती. त्याला जे नाव दिले होते, त्याची अक्षरे 'पुष्कळ मळ' अशा अर्थाची होती. वंश तोच, भाषा तीच, धर्म तोच. फक्त वस्ती वेगळी. वस्तीला जपानीत 'बुराकु' म्हणतात, तेच नाव आज या समाजाला चिकटले आहे. १८७१ साली सरकारी फर्मानाने हा भेद रद्द झाला. तरी १९७५ साली उघड झाले की, अशा वस्त्यांच्या नावांच्या गुप्त याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या. उमेदवाराचा पत्ता पाहायचा आणि त्याला नोकरी नाकारायची. आमच्या गुरुजींचा हजेरीपट तेथेही होता तर.

आणि बौद्ध मंदिरे? सर्वांत जास्त दुखणारी गोष्ट हीच आहे. मेलेल्या माणसाला तेथे भिक्षू धम्मनाम देतात. कित्येक मंदिरांनी या समाजातील मृतांच्या नावांत 'जनावर', 'कातडे' अशा अर्थाची अक्षरे घातली व ती दगडांवर कोरली. १९७९ साली एका जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या एका मोठ्या बौद्ध पंथाच्या पुढाऱ्याने आमच्या देशात असा भेदच नाही, असे सांगितले. या समाजाच्या संघटनांनी जाब विचारला, तेव्हा त्याला चूक कबूल करावी लागली, आणि पंथाला स्वतःच्या मंदिरांच्या नोंदवह्या तपासाव्या लागल्या.

बौद्ध देश म्हणजे समतेचा देश, असे मी घरून घेऊन आलो होतो. तो समज गळून पडला. धम्म स्वीकारला की भेद आपोआप जातो असे नाही. बुद्धाची मूर्ती घरात असून माणूस शेजाऱ्याच्या थडग्यावर 'जनावर' कोरू शकतो. त्या थडग्यांवरची अक्षरे कोणाच्या आपोआप लक्षात आली नाहीत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी ती वाचून दाखविली, तेव्हाच ती पुसली जाऊ लागली.

कारण ती माणसेही गप्प बसली नाहीत. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' म्हणजे समतल समाज ही आपली संघटना उभी केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे त्याच समाजातल्या एका मंदिरात जन्मले होते. १९६१ साली कोची प्रांतातील नागाहामा येथील या समाजाच्या आयांनी राज्यघटना वाचली. सक्तीचे शिक्षण मोफत असेल, असे तीत लिहिले आहे, मग पुस्तके विकत का घ्यायची, असे त्यांनी विचारले व घेण्याचे नाकारले. १९६३ साली पुस्तके मोफत देण्याचा कायदा झाला आणि १९६९ पर्यंत तो सर्व इयत्तांना लागू झाला. माझ्या वर्गातील ३२ मुलांची पुस्तके मोफत होती, ती या आयांमुळे. मुलांना ते ठाऊक नव्हते. मला आता ठाऊक झाले होते.

प्राध्यापकांनी मला एका कादंबरीचे नाव सांगितले. शिमाझाकी तोसोन यांची १९०६ ची 'हाकाइ'. तिचा नायक याच समाजातला एक तरुण शिक्षक आहे. बापाने त्याला जात कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलेले असते, आणि शेवटी तो स्वतःच्या विद्यार्थ्यांपुढे ती सांगतो. ती गोष्ट ऐकून मला झोप लागली नाही. कारण एप्रिलात मुलांनी मला विचारले होते, "तुमची आई काय करते?" आणि मी उत्तर दिले होते, "सरकारी नोकरी."

जुलैत उन्हाळी सुट्टीपूर्वी मी बाईंची परवानगी घेऊन पाच मिनिटे मागितली. मोडक्यातोडक्या जपानीत मी मुलांना सांगितले की, माझी आई रस्ते झाडते. पहाटे पाचला. तीस वर्षे. तिच्या आधी तिची आई झाडत होती. आमच्याकडे हे काम काही ठराविक घरांनाच करावे लागते. मुले ऐकत होती. मग ज्याचे मेज मधोमध राहिले होते त्या मुलाने हात वर केला व विचारले, "मग दुसऱ्यांची पाळी कधी येते?"

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही.

तो प्रश्न घेऊन मी घरी आलो, आणि तो सर्वांत आधी माझ्याच घरात उभा राहिला. मी झाडूला हात लावत नाही याचा मला अभिमान होता. मग माझे घर इतकी वर्षे कोण झाडत होते? तीस वर्षे रस्ते झाडून आलेली आई, आणि नंतर माझी पत्नी. समाजाने आमच्यावर जे लादले, तेच मी माझ्या घरातल्या बायकांवर लादले होते आणि त्याला स्वाभिमान म्हणत होतो. जपानही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. तेथे माध्यमिक शाळांत गृहशास्त्र मुलग्यांनाही सक्तीचे झाले, ते १९९३-९४ साली. पण झाले तर खरे. मी घरी पुठ्ठ्याचे चाक केले आणि त्यावर चार नावे लिहिली. पहिल्या दिवशी आईने माझ्या हातातला झाडू ओढून घेतला. पत्नीने तो तिच्याकडून घेऊन मला परत दिला.

मग चाक वर्गात लावले. आठवड्यात दोन तक्रारी आल्या. एक गावातल्या वजनदार घराची. ती मी अपेक्षिली होतीच. दुसरी आपल्याच एका बौद्ध बांधवाची. ते दारात उभे राहून म्हणाले, "सर, आपली पोरे पुन्हा झाडूला लावता?" मला माझी आई आठवली. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांना आत नेऊन चाकासमोर उभे केले. त्यांनी बोट लावून एकेक नाव वाचले. सरपंचांच्या नातवाचे नाव संडासाच्या घरात होते. ते दोनदा वाचून त्यांनी विचारले, "सोमवारी फिरते ना हे?" मी म्हटले, फिरते. ते म्हणाले, "नाही फिरले तर मी येईन."

बंधुभगिनींनो, आपण सर्वांनी असेच यावे. मुलाच्या हातात झाडू दिसला तर लगेच रागावू नका आणि लगेच कौतुकही करू नका. शाळेत जा. यादी मागा. सर्वांची नावे आहेत का पाहा. ती फिरते का पाहा. कोणाचे मेज मधोमध राहते का तेही पाहा. यादी सर्वांची असेल तर मुलाला खुशाल झाडू द्या. नसेल तर माझ्या आईने केले तेच करा, झाडू टेबलाला टेकवून या. आणि घरी परतल्यावर आपल्या घराची यादी करा. तिच्यात कर्त्या पुरुषाचे नाव आहे की नाही, ते सर्वांत आधी पाहा.